इंजिनांतील तेलाची पातळी

दावणीच्या बैलास चारा-पाणी मिळालें कीं नाहीं हें रोज सकाळीं पाहणारा शेतकरी दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीच्या तेलाकडे मात्र महिनोन्महिने पाहत नाहीं. आणि पाहिलेंच, तर तें कमी झालें आहे काय एवढेंच पाहतो. तें वाढलें आहे काय, हें पाहणेंहि तितकेंच अगत्याचें आहे, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

क्रँक व बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. त्यामुळें धातूवर धातू घांसत नाहीं. चेंबरमधील तेल फार उतरलें म्हणजे पंप हवा ओढूं लागतो, तो थर तुटतो आणि थोड्याच वेळांत बेअरिंग जळतें. समोरचा तांबडा दिवा तेलाचा दाब सांगतो, पातळी नव्हे. तो लागेपर्यंत हानीस आरंभ झालेला असूं शकतो. यास्तव दिवा लागतांच इंजिन बंद करावें.

माप घेण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी. उतारावरचें माप खोटें ठरतें. इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटें थांबावें, म्हणजे वर चढलेलें तेल चेंबरांत उतरतें. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत बसवावी व काढून पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावें. बहुतेक मोटारींत या खुणांमध्यें सुमारें १ लिटर तेलाचें अंतर असतें. कमी भरल्यास गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच तेल पाव-पाव लिटर घालावें व दर वेळीं माप घ्यावें.

थोडें जास्त असलेलें बरें, ही समजूत घातक होय. तेल फार झालें म्हणजे फिरता क्रँक त्यांत बुडून फेस करतो, आणि फेसाळ तेलास थर धरतां येत नाहीं.

आपण तेल न घालतां पातळी चढली, तर अधिकच सावध व्हावें. तेल दुधी दिसल्यास हेड गॅस्केट फुटून पाणी मिसळल्याचा संभव असतो. डिझेलचा वास आल्यास नोझल किंवा पंपांतून इंधन उतरत असावें. भारतांत १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींस भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. ती जाळून साफ करण्यासाठीं जादा डिझेल सोडलें जातें. गाडी नेहमीं थोड्या अंतरापुरतीच चालली, तर त्यांतील कांहीं भाग तेलांत मिसळतो. अशा प्रसंगीं वरचें तेल काढून माप जुळविणें हा उपाय नव्हे. मिस्त्रीकडून कारण शोधून घ्यावें व तेल बदलावें.

ट्रॅक्टरचें माप रोज सुरू करण्यापूर्वीं व मोटारीचें आठवड्यास एकदां घ्यावें, आणि घातलेलें तेल तारखेसह वहींत टिपावें. दोन मिनिटांच्या हयगयीमुळें ऐन पेरणींत इंजिन उघडण्याची पाळी कोणावरहि येऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.