प्रकार-तपासणी : पीएचपी भाषेतील रिसोर्स व ऑब्जेक्ट

संगणकीय आज्ञावलीत हाताळले जाणारे मूल्य कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरविण्याच्या क्रियेस प्रकार-तपासणी म्हणतात. पूर्णांक, अक्षरमाला इ. मूल्यांच्या बाबतीत ती सोपी असते. उघडलेली फाइल, जाळ्यावरील जोडणी, स्मृतीतील चित्र यांसारख्या साधनांच्या बाबतीत मात्र ती गुंतागुंतीची होते. रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा याचे उत्तम उदाहरण होय.

रिसोर्स : हा प्रकार या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत (२०००) आला. रिसोर्स म्हणजे प्रत्यक्ष साधन नसून त्याचा निर्देश करणारा क्रमांक असतो. मूल्य रिसोर्स असून ते अद्याप बंद केलेले नसेल, तरच ‘इझ-रिसोर्स’ हे फलन ‘सत्य’ असे उत्तर देते. फलनाच्या प्रचलाचा प्रकार म्हणून रिसोर्स घोषित करता येत नाही. त्यामुळे चित्राऐवजी चुकून फाइल दिली गेल्यास ती चूक घोषणेवरून पकडली जात नाही.

ऑब्जेक्ट : प्रत्येक ऑब्जेक्ट विशिष्ट नावाच्या वर्गाचा असतो व ते नाव प्रचलाच्या घोषणेत वापरता येते. या लाभामुळे ८.० या आवृत्तीत (नोव्हेंबर २०२०) कर्ल-जोडणी ‘कर्लहँडल’ या व चित्र ‘जीडीइमेज’ या वर्गाचे ऑब्जेक्ट झाले. ८.१ या आवृत्तीत (नोव्हेंबर २०२१) एफटीपी, पोस्टग्रेएसक्यूएल इत्यादींच्या जोडण्यांतही असाच बदल झाला. फाइल उघडल्यावर मिळणारे मूल्य मात्र या दोन्ही आवृत्त्यांत रिसोर्सच राहिले.

परिणाम : जुन्या आज्ञावल्यांत जोडणी मिळाली की नाही हे ‘इझ-रिसोर्स’ने तपासण्याचा प्रघात होता. ऑब्जेक्टच्या बाबतीत हे फलन नेहमीच ‘असत्य’ असे उत्तर देते. परिणामी यशस्वी जोडणीही अयशस्वी ठरून पुढील काम होत नाही. विचारलेला प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने दोषसूचनाही मिळत नाही. तसेच ८.० पासून ‘कर्ल-क्लोज’ या फलनाचा काही परिणाम होत नाही. ऑब्जेक्टकडे निर्देश करणारा शेवटचा चल नाहीसा झाल्यावर साधन मुक्त होते.

उपाय : निर्मिती अयशस्वी झाल्यास ही फलने ‘असत्य’ हे मूल्य देतात. म्हणून मिळालेल्या मूल्याची ‘असत्य’शी प्रकारासह काटेकोर तुलना करावी. ही रीत जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांत बरोबर ठरते, कारण तीत साधन मिळाले की नाही एवढेच विचारले जाते. ते कोणत्या रूपात मिळाले, यावर उत्तर अवलंबून राहत नाही.