सुरक्षारक्षकाच्या अधिकाराची सीमा

बँक असो, रुग्णालय असो वा मंगल कार्यालय. संतापलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती दारावरील सुरक्षारक्षकाशी. श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूरसारख्या बाजारपेठेच्या गावात तर तो बहुधा एकटाच असतो. गणवेशामुळे तो पोलिसासारखा भासतो; प्रत्यक्षात खासगी रक्षकाला सामान्य नागरिकापेक्षा अधिक अधिकार नाहीत. हे त्याला नेमणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा घडल्यास, अथवा ती व्यक्ती घोषित अपराधी असल्यासच नागरिक तिला पकडू शकतो. तिला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. केवळ शिवीगाळ केली म्हणून कुणाला डांबून ठेवता येत नाही. स्वसंरक्षणार्थ बळ वापरता येते, पण गरजेपुरतेच. हल्लेखोर मागे हटल्यावर हाणलेली काठी रक्षकालाच आरोपी करू शकते.

म्हणून पहिली भिस्त वाणीवर. रक्षकाने दोन हात अंतर राखावे, आवाज चढवू नये, अंगाला हात लावू नये आणि बाहेर पडण्याची वाट अडवू नये. तक्रार पूर्ण ऐकून घेऊन अधिकाऱ्यास बोलवावे. शस्त्र दिसताच ११२ क्रमांकावर कळवावे. घटनेची वेळ व साक्षीदार त्याच दिवशी नोंदवहीत लिहावेत.

खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या कायद्याखाली केंद्राने २००६ मध्ये केलेल्या आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर असे प्रशिक्षण सांगितले असून, त्यात जमावनियंत्रणही आहे. रक्षक नेमताना संस्थाचालकांनी या प्रशिक्षणाचा दाखला मागून घ्यावा.