पोर्तुगीज चर्चनोंदींतून पूर्वजांचा शोध

वंशावळीची साधने म्हटली की वतनपत्रे, कैफियती आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांच्या बाबतीत हे काम प्रामुख्याने चर्चची नोंदपुस्तके करतात. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्रीवर बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद ठेवण्याचे बंधन घातले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृत्यूच्या नोंदीची भर घातली. या पुस्तकांपैकी काही आज पणजीच्या पुराभिलेखागारात, तर काही मूळ चर्चमध्येच आहेत. वाळवी, पावसाळी दमट हवा आणि कागद खाणारी लोहयुक्त शाई यांतून जे वाचले, ते आपले साधन.

ही पुस्तके पोर्तुगीज भाषेत लिहिली गेली. ज्या साष्टीत राहून फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रकाशित झालेले ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, त्याच साष्टीतील माणसांचे जन्म-मृत्यू राज्यकर्त्यांच्या भाषेत नोंदले जात होते. घरात कोंकणी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच मुलाची नोंद बहुधा वाचता येत नसे. आज त्याच्या पणतवंडांचीही तीच अडचण आहे.

तथापि मराठीच्या विद्यार्थ्याला येथे एक सोय आहे. नोंदीची भाषा परकी असली तरी तिच्यातील गावे आपली आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने उच्चारून पाहा. पोर्तुगीजांजवळ ‘ड’ हा मूर्धन्य वर्ण नसल्यामुळे ऐकलेला ‘ड’ त्यांनी अनेकदा ‘र’ने लिहिला. म्हणून मडगांवचे ‘मारगांव’ झाले आणि कुडतरीचे ‘कुरतोरीं’. ‘श’साठी त्यांनी एक्स हे अक्षर वापरले. त्यामुळे शेल्डें हे गाव एक्सपासून सुरू झालेले दिसते आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तेथेच अडखळतो. ‘गांवकार’, ‘वाडो’ हे शब्दही अशाच परक्या लिपीवेशात भेटतात.

तारखांच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे लागते. लेखनिक महिन्यांची नावे संक्षेपाने लिहीत. सातचा अंक आणि पुढे ‘ब्रु’ असे दिसले, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर होय. लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात. प्राचीन रोमन वर्षाचा तो सातवा महिना, आणि नाव तेच टिकले. त्याच न्यायाने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि दहा म्हणजे डिसेंबर. प्रस्तुत लेखकाने या एका अंकापायी दोन दिवस चुकीच्या पानांत घालवले आहेत.

याहून मोठा धोका ‘नातुराल’ या शब्दात आहे. गावाच्या नावाआधी आला तर त्याचा अर्थ ‘मूळचा रहिवासी’ असा होतो. ‘फिल्यु नातुराल’ (मुलीसाठी ‘फिल्य नातुराल’) या जोडीत मात्र तो विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले अपत्य दर्शवितो. औरस अपत्यासाठी ‘लेजितिमु’ हा शब्द येतो. ‘पाय इन्कॉग्नितु’ म्हणजे पिता अज्ञात. हे शब्द सामान्यतः पाद्रीने आपल्या नियमांच्या चौकटीतून लिहिलेले असतात. त्या आईचे म्हणणे पानावर कोठेही नसते. आपल्या पणजीविषयी असा शब्द सापडला, तर तो वगळून वंशावळ सुबक करण्याचा मोह होतो. तसे करू नये. घरात तो केव्हा व कसा सांगावा, हा निर्णय अर्थातच तुमचा. पण अभ्यासाच्या टिपणात मूळ शब्द जसाच्या तसा उतरवलाच पाहिजे.

आता आडनावाविषयी. महाराष्ट्रात आडनाव आणि गाव जुळले की आपण नाते जोडू लागतो. येथे ती सवय सोडावी लागेल. धर्मांतराच्या वेळी नवख्रिस्ती कुटुंबाला पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळे. एकाच समारंभात बाप्तिस्मा घेतलेली, परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेली घराणी त्यामुळे एका आडनावाची झाली. म्हणून शोधाचा आधार आडनाव नव्हे, तर गाव, वाडा आणि आईवडिलांची नावे हा असावा. एकोणिसाव्या शतकातील अनेक बाप्तिस्मा-नोंदींत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावेही येतात. अशी एक नोंद हाती लागली की तीन पिढ्या एकदम उलगडतात. मग त्या आईवडिलांचा विवाह, पहिल्या अपत्याच्या जन्मापासून मागे जात, दोघांच्याही गावांच्या पुस्तकांत शोधावा.

विवाहनोंदीतील एक तपशील वाचक बहुधा ओलांडून जातात. चौथ्या अंशापर्यंतच्या नातलगांचा विवाह चर्चला निषिद्ध होता. त्यासाठी खास सूट घ्यावी लागे आणि ती नोंदीत नमूद होई. दुसरा अंश म्हणजे वधूवरांचे आजी-आजोबा समान, तिसरा म्हणजे पणजोबा-पणजी समान, चौथा म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी समान. ज्या काळाची बाप्तिस्म्याची पुस्तके नष्ट झाली, त्या काळातील नाते या एका ओळीवरून निश्चित करता येते.

मागे जाता जाता काही घराण्यांचा धागा अशा नोंदीशी थांबतो, जिथे बाप्तिस्मा घेणारा प्रौढ आहे आणि त्याच्या आईवडिलांचा उल्लेख ‘जेंतियु’, म्हणजे हिंदू, असा केलेला आहे. त्यांची नावे दिली असतील, तर ती पोर्तुगीज वर्णांत दबलेली असतात. वर सांगितलेले ध्वनिबदल उलटे लावून ती वाचून पाहावीत. त्यापलीकडचा शोध चर्चच्या पुस्तकांत नाही. तो गावच्या जमिनीच्या आणि गांवकारीच्या कागदांत घ्यावा लागतो.

कृती : पुढील नोंद सरावासाठी रचलेली आहे. ‘सात-ब्रु महिन्याच्या १२ तारखेस, सन १८४६, या चर्चमध्ये मी मारिया हिला बाप्तिस्मा दिला. ती आना हिची फिल्य नातुराल. आना कुरतोरींची नातुराल.’ बाप्तिस्म्याचा महिना कोणता? ‘नातुराल’ या शब्दाचे येथील दोन अर्थ कोणते? आनाचे आईवडील शोधण्यासाठी तुम्ही कोणत्या गावाचे, कोणते पुस्तक प्रथम उघडाल, ते कारणासह लिहा.