आघाडीची फळी (लेखांक ७) : कॉलेजचा सेंटर एनएफएलमध्ये

कॉलेजमधून एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये आलेल्या सेंटरला, म्हणजे आघाडीच्या फळीतल्या मधल्या गड्याला, चेंडू तसाच दोन पायांमधून मागे द्यायचा असतो आणि समोरच्याला अडवायचे असते. खरा फरक पडतो तो या चेंडू देण्याच्या, म्हणजे स्नॅपच्या, आधीच्या काही सेकंदांत.

अनेक कॉलेज संघांत फळी जागेवर उभी राहिली की सगळ्यांच्या माना बाजूरेषेकडे वळत. तिथून प्रशिक्षक बचावाची मांडणी वाचून हातवाऱ्यांनी किंवा फलकांनी डाव कळवत. एनएफएलमध्ये १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे स्नॅप घेऊन डाव चालवणाऱ्याच्या, हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाची सूचना ऐकवणारा रेडिओ आहे. पण डाव सुरू करण्याच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढचे सगळे क्वार्टरबॅक आणि सेंटरने आपसांत निभावायचे. सेंटर एक हात चेंडूवर ठेवून, ‘माइक’ म्हणजे मधला लाइनबॅकर कोण, हे बोट दाखवून ओरडून सांगतो. त्या एका माणसापासून मोजत पाचही लाइनमन आपापला गडी ठरवतात. मोजणी चुकली तर एखादा मोकळा सुटतो आणि थेट क्वार्टरबॅकवर धडकतो. कॉलेजच्या वरच्या पातळीवर २०२४ पासून रेडिओला मुभा मिळाल्याने ही दरी आता थोडी बुजते आहे.

हा संवाद तुटला की काय होते, ते फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, साऱ्या जगाने पाहिले. डेन्व्हरचा मॅनी रामिरेझ हा शेजारच्या गार्डच्या जागेवरून सेंटरला आलेला. पहिल्याच डावात क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग सूचना बदलायला पुढे येत होता. प्रेक्षकांच्या गदारोळात रामिरेझने स्नॅप सोडला, चेंडू मॅनिंगच्या बाजूने मागे डेन्व्हरच्याच एंड झोनमध्ये गेला आणि १२ व्या सेकंदाला सिॲटलला दोन गुण मिळाले. सामना ४३–८ असा संपला.

नियमांतही एक अडचणीची जागा आहे. पास फेकला जाईपर्यंत लाइनमनला कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. चेंडू धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की फेकायचा, हे स्नॅपनंतर ठरवण्याचे डाव कॉलेजमध्ये सर्रास चालतात. त्यांत लाइनबॅकरवर धावून जाण्याची सवय लागलेला सेंटर व्यावसायिक मैदानात पाच यार्डांचा दंड ओढवून घेतो.

टायलर लिंडरबॉमचा प्रवास मात्र उलट्या दिशेचा झाला. आयोवा विद्यापीठात तो बचावफळीतला खेळाडू म्हणून आला आणि सेंटर झाला. तिथले प्रशिक्षक कर्क फेरेन्झ यांनी पूर्वी बाल्टिमोर रेव्हन्सची हीच फळी घडवलेली. आयोवाचा क्वार्टरबॅक बहुतेक वेळा सेंटरच्या अगदी मागे उभा राहून हातातच चेंडू घेई. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, रेव्हन्सने लिंडरबॉमला २५ व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा त्याला क्वार्टरबॅक लमार जॅक्सनकडे काही यार्ड मागे चेंडू पाठवायची सवय करावी लागली. वजन अवघे १३४ किलो, हात आखूड. पण शाळेत तो कुस्ती खेळलेला आणि पुढे एनएफएल गाजवणाऱ्या ट्रिस्टन वर्फ्सला त्याने मॅटवर हरवलेले. स्नॅप देऊन हात वर येईपर्यंत समोरचा धिप्पाड नोज टॅकल, म्हणजे बचावफळीचा मधला गडी, छातीवर आलेला असतो. अशा वेळी ज्याची कंबर खाली, त्याची सरशी.

सेंटर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत इतके कमी का निवडले जातात, असे एका वाचकाने विचारले आहे. सेंटरच्या दोन्ही बाजूंना गार्ड असतात, मदत हाताशी असते. आघाडीच्या फळीतल्या टॅकलला कडेला एकट्याने झुंजावे लागते, म्हणून क्लब आधी त्याच्यासाठी क्रमांक खर्च करतात. हा हिशेब अनेकदा फसलेला आहे. जेसन केल्सी २०११ मध्ये सहाव्या फेरीत, १९१ वा निवडला गेला. पहिल्याच वर्षी तो सर्व १६ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि पुढे सहा वेळा वर्षाच्या सर्वोत्तम संघात आला.

त्याच केल्सीला त्याच्या फिलाडेल्फिया क्लबने कॉलेजच्या सेंटरांच्या चित्रफिती पाहायला दिल्या, तेव्हा त्याला सर्वांत आवडला नेब्रास्काचा कॅम जर्गन्स. २०२२ मध्ये ५१ वा निवडलेला जर्गन्स आधी केल्सीमागे थांबला, २०२३ मध्ये गार्ड म्हणून खेळला आणि केल्सीच्या निवृत्तीनंतर सेंटर झाला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या कॅन्सस सिटीचा सेंटर होता क्रीड हम्फ्री, २०२१ मधला ६३ वा. म्हणजे दोन्ही सेंटर दुसऱ्या फेरीतले. फिलाडेल्फियाने तो सामना ४०–२२ असा जिंकला.