प्रतिकृतीची तारीख

क्युरेटर म्हणजे मूळ कलाकृती मिळवणारा, जपणारा आणि मांडणारा माणूस, अशी आपली समजूत असते. स्टॉकहोमच्या मॉडेर्ना म्युसेएट या संग्रहालयाचे प्रमुख पोंटुस हुल्तेन (१९२४–२००६) या व्याख्येत मावत नाहीत. मूळ वस्तू हाती नसेल, तर ती पुन्हा घडवून पाहायची, ही त्यांची रीत.

१९६१ मध्ये त्यांनी कलेतील गतीवर प्रदर्शन भरवले. त्यासाठी समीक्षक उल्फ लिंडे यांनी मार्सेल द्युशाँच्या प्रसिद्ध ‘मोठ्या काचे’ची प्रतिकृती केली. द्युशाँ स्वतः स्टॉकहोमला आले आणि अस्सलबरहुकूम नक्कल म्हणून त्यांनी तिच्यावर सही केली. १९६८ मध्ये व्लादिमिर टाटलिनच्या मनोऱ्याचा नमुना तिथे नव्याने उभा राहिला. १९२० चा मूळ नमुना नाहीसा झाला होता. आधार उरला होता तो मुख्यतः जुन्या छायाचित्रांचा. छायाचित्रात न दिसणारा सांधा कसा असेल, हे प्रत्यक्ष बांधायला घेतल्यावरच ठरवावे लागते. अशी प्रतिकृती हे माझ्या मते संशोधनच आहे.

पुढे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील आधुनिक कला संग्रहालयाची धुरा हुल्तेन यांनी सांभाळली. १९८० च्या दशकात दानिएल ब्युरेन, सार्किस आणि सेर्ज फोशरो यांच्यासह त्यांनी पॅरिसमध्येच उच्च कलाशिक्षणाची एक संस्था काढली. तरुण कलावंतांनी जाणत्यांशी बरोबरीने चर्चा करावी, हा तिचा गाभा होता.

याच प्रयोगशील वृत्तीने त्यांना अडचणीतही आणले. १९६८ च्या अँडी वॉरहॉल प्रदर्शनात भांडी घासायच्या ब्रिलो पॅडची पुठ्ठ्याची खोकी रचली होती. १९९० मध्ये, वॉरहॉलच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, हुल्तेन यांनी माल्मो शहरात शंभरावर लाकडी खोकी करवून घेतली. त्यांतली अनेक पुढे १९६८ ची म्हणून बाजारात गेली. २००७ मध्ये एक्सप्रेसेन या स्वीडिश वृत्तपत्राने हे उघड केले, तेव्हा खुलासा करायला हुल्तेन हयात नव्हते.

काच, मनोरा आणि खोकी, तिन्ही पुन्हा घडवलेलीच. पहिल्या दोन्हींची नोंद खरी आहे, म्हणून अभ्यासक आजही त्यांच्यापुढे उभा राहून शिकू शकतो. खोक्यांची तारीख खोटी ठरली आणि त्यांच्याबरोबर खऱ्या खोक्यांवरही संशयाची सावली पडली. क्युरेटरने प्रयोग जरूर करावेत. पण त्या प्रयोगाचे ज्ञान होते ते त्याखालच्या दोन ओळींच्या प्रामाणिक नोंदीमुळे.