बरूक ब्लूमबर्ग: ऑस्ट्रेलिया अँटिजेनपासून कर्करोग रोखणाऱ्या लशीपर्यंत

यकृताचा कर्करोग रोखणारी पहिली लस ज्या शोधातून निघाली, तो शोध लावणाऱ्या बरूक ब्लूमबर्ग यांचा विषय ना यकृत होता, ना कर्करोग. न्यूयॉर्कमध्ये १९२५ साली जन्मलेले ब्लूमबर्ग आधी भौतिकशास्त्र शिकले, मग वैद्यकाकडे वळले. विद्यार्थिदशेत, १९५० साली, ते सुरिनाममधल्या मोएंगो या बॉक्साइटच्या खाणींच्या गावी काही महिने राहिले. तिथे वेगवेगळ्या वंशांचे मजूर शेजारी शेजारी राहत होते, पण हत्तीरोगाची लागण सर्वांना सारखी होत नव्हती. एकाच परिस्थितीत एकाला रोग व्हावा आणि दुसऱ्याला होऊ नये, हे कोडे पुढे त्यांनी सोडले नाही.

ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन १९५७ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले आणि जगभरच्या लोकसमूहांच्या रक्ताचे नमुने जमवू लागले. त्यांची युक्ती साधी होती. ज्याला वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, त्याच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशा रुग्णाचे सीरम वापरले, तर माणसामाणसांतले आनुवंशिक फरक सापडतील. संस्थेच्या रक्तपेढीतले हार्वे ऑल्टर या कामात त्यांच्याबरोबर होते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे सीरम १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या सीरमशेजारी ठेवले, तेव्हा जेलमध्ये दोहोंच्या मध्ये एक रेषा उमटली: रुग्णाच्या प्रतिपिंडांनी एक अनोळखी प्रथिन पकडले होते. त्या प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पडले.

पुढची दोन-तीन वर्षे त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. निरोगी अमेरिकनांत ते क्वचितच सापडे, ल्युकेमियाच्या रुग्णांत मात्र बऱ्याचदा. म्हणून १९६५ च्या शोधनिबंधात त्याचा संबंध ल्युकेमियाशी जोडला होता. ब्लूमबर्ग तोवर फिलाडेल्फियाच्या कर्करोग संशोधन संस्थेत गेले होते. ल्युकेमियाचा धोका अधिक असलेल्या डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांची तपासणी त्यांनी सुरू केली. त्यांतल्या एकाच्या रक्तात आधी अँटिजेन नव्हते, १९६६ मध्ये ते आढळले, आणि त्याच सुमारास त्याला हिपॅटायटिस झाल्याचे दिसले. प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञही आजारी पडली. तिच्याही रक्तात तेच. आनुवंशिक समजलेले प्रथिन प्रत्यक्षात एका विषाणूचे, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचे, बाह्य आवरण निघाले. या निष्कर्षाचे श्रेय एकट्या ब्लूमबर्ग यांचे नाही: जपानमध्ये ओकोची यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स यांनी स्वतंत्रपणे तो बळकट केला. आख्खा विषाणू १९७० मध्ये लंडनच्या डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

पहिला लाभ रक्तपेढ्यांना झाला. दात्याचे रक्त तपासता येऊ लागले आणि रक्तातून येणारी ही कावीळ झपाट्याने घटली. लशीची कल्पना अधिक धाडसी होती. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. मात्र तो अंगात बाळगणाऱ्या वाहकांच्या रक्तात त्याच्या आवरणाचे रिकामे कण विपुल असत. तेच शुद्ध करून लस करावी, असे ब्लूमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी सुचवले आणि १९६९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले तेव्हा लस बाजारात नव्हती. मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी ती सिद्ध केली. तिला १९८१ मध्ये मान्यता मिळाली, आणि १९८६ मध्ये यीस्टमध्ये बनवलेली लस आली.

या विषाणूचे यकृताच्या कर्करोगाशी नाते पक्के केले ते पामर बीस्ली यांनी. तैवानमधल्या २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा त्यांनी पाठपुरावा केला. वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पट असल्याचे १९८१ मध्ये जाहीर झाले. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस सुरू केली. सहा ते चौदा वयाच्या मुलांत या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७० होते, ते १९९०–९४ पर्यंत ०.३६ वर आले.

उपचारांत मात्र ब्लूमबर्ग यांना असे यश मिळाले नाही. काविळीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जाणारी भुईआवळी त्यांनी गांभीर्याने तपासली. मद्रासच्या संशोधकांसह १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधात ती घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून अँटिजेन नाहीसे झाल्याचे म्हटले होते. नंतरच्या चाचण्यांत हा परिणाम टिकला नाही. परंपरागत औषधाला प्रयोगाच्या कसोटीवर उतरवणे हेच त्या कामाचे मोल. भुईआवळी हा हिपॅटायटिस बीवरचा सिद्ध उपाय नव्हे.

ब्लूमबर्ग यांचे २०११ मध्ये निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वस्त देशी लस आणली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली, आणि २०११ पासून ती देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात आहे. जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो.