मोडीत काढण्यापूर्वी

"अहो, हे सगळं मोडीत घातलं तर किती येतील?" माळ्यावरून उतरता उतरता मी यांना विचारलं. हातात पितळेची परात, डोक्याला कोळिष्टकं. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या परातीच्या काठावर काय लिहिलंय, ते आधी वाच गं."

मी पदरानं काठ पुसला. सासूबाईंचं माहेरचं नाव आणि साल, १९५८. त्यांच्या लग्नातली परात!

ही गोष्ट २०२४ च्या एप्रिलमधली. कर्जत तालुक्यात कडावजवळ आमचं कौलारू घर. सात खोल्या, पडवी, वर माळा आणि राहणारी माणसं तीन. यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पावसाआधी कौलं चाळायला माणूस मिळत नव्हता. शेवटी ठरलं की धाकट्या दिरांनी त्या जागी स्लॅबचं घर बांधायचं आणि आम्ही खोपोलीत लहानसा फ्लॅट घ्यायचा. दवाखाना जवळ, बाजार जवळ. सगळं सोयीचं. प्रश्न एकच होता, सात खोल्यांचं सामान दोन खोल्यांत मावायचं कसं?

मैत्रिणींनो, आपल्याकडे घरं सामानानं भरलेली असायची त्याला कारण होतं. आमच्या भागात पाऊस लागला की लागतो. नद्या-ओढे भरले की वाट बंद. म्हणून मे महिन्यातच आगोट भरायची. तांदूळ, डाळी, मसाला, कांदे, सुकी मासळी, सरपण, सगळं चार महिन्यांचं. त्याला कणग्या हव्यात, बरण्या हव्यात, डबे हवेत. पंधरा माणसांच्या घरात हंडे-कळश्याही तेवढ्याच लागायच्या. आता कोपऱ्यावर दुकान आहे, नळाला पाणी आहे. आगोट संपली, डबे मात्र राहिले.

पितळेचंही तेच. कल्हईवाला दारावर यायचा तोवर पितळी पातेली चुलीवर होती. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी-ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. कल्हईवाले येईनासे झाले आणि पितळ माळ्यावर गेलं. त्याच्या जागी स्टील आलं, मग नॉनस्टिक.

तर मी ओटीवर तीन ढीग केले होते. ठेवायचं, द्यायचं, मोडीत घालायचं. परात हातात धरून त्या ढिगांकडे पुन्हा पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. मोडीच्या ढिगात होतं ते सगळं सासूबाईंचं! घंगाळ, हंडे, त्यांचा पाटा-वरवंटा, त्यांची लाकडी पेटी. माझ्या अडतीस साड्या कपाटात तशाच. माझे प्लॅस्टिकचे डबे, आयस्क्रीमचे रिकामे डबेसुद्धा, 'ठेवायचं'मध्ये. यांच्या जुन्या वह्या आणि बंद पडलेला रेडिओ यांना तर मी हातही लावला नव्हता.

घर लहान करायचं म्हटलं की पहिली अडगळ ठरते ती घरातल्या म्हाताऱ्या बाईची वस्तू. तिला कुणी विचारत नाही. खरं तर शेत सासऱ्यांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, सातबाऱ्यावर सासूबाईंचं नाव हयातभर नव्हतं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात होतं ते एवढंच, काठावर नाव घातलेलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंही स्त्रीधनावर बाईचाच पूर्ण हक्क मानला आहे. आणि मी सुनेच्या अधिकारात ते किलोवर विकायला निघाले होते.

द्यायच्या ढिगाबद्दलही सासूबाईंनी मला आधी एकदा शिकवलं होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, पन्नासहून जास्त माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. आमच्या बचत गटानं कपडे गोळा करायचे ठरवले. मीही लगबगीनं गाठोडं बांधलं. सासूबाईंनी गाठ सोडली आणि विटलेल्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट एकेक करून बाजूला काढले. म्हणाल्या, "त्यांचं घर गेलंय, अब्रू नाही गेली. आपण नेसणार नाही ते त्यांना कशाला?" मग कपाटातून त्यांच्या दोन कोऱ्या साड्या काढून त्यांनी गाठोड्यात ठेवल्या.

ज्यांचं एका रात्रीत सगळं गेलं, त्यांच्यापुढे 'कमी सामानात किती सुख असतं' हे बोलायला जीभ रेटत नाही. आपण कमी करतो ते आपल्या मर्जीनं, हेच केवढं भाग्य!

म्हणून ढीग मोडले आणि नव्यानं सुरुवात केली. नियम दोनच. ज्याची वस्तू, त्यानंच ठरवायचं. आणि वस्तू द्यायची ती वापरणाऱ्या हातात. सुरुवात माझ्यापासून. अडतीसातल्या चौदा साड्या ठेवल्या. विरलेल्यांच्या गोधड्या शिवल्या, धडक्या साड्या नात्यात दिल्या. प्लॅस्टिक भंगारात गेलं. यांनी कुरकुरत का होईना, रेडिओ सोडला.

मग सासूबाईंची पाळी. त्या रोज दोन-तीन वस्तू समोर घेऊन बसायच्या. प्रत्येकीची गोष्ट सांगायच्या आणि मगच हातावेगळी करायच्या. आठ दिवसांचं काम पंधरवडाभर चाललं, पण घाई केली नाही. मोठी पातेली, परात देवळातल्या गावकीच्या भांड्यांत गेली. गावातल्या लग्नकार्यात ती आता पुन्हा चुलीवर चढतात, काठावरच्या नावासकट. हंडा-कळशी नातीला दिली. एक जुन्या वस्तूंचा दलाल घंगाळ आणि जातं मागत आला होता, फार्महाऊसच्या दारात फुलं ठेवायला. मुंबईची माणसं साधं राहायला आमच्याकडे येतात आणि आमची अडगळ त्यांची शोभा होते! मला वाटलं, सासूबाई नाही म्हणतील. त्यांनी चोख भाव करून घंगाळ विकलं आणि पैसे स्वतःच्या पासबुकात भरले. जातं मात्र दिलं नाही. ते दिरांच्या नव्या घरात राहिलं, घरातल्या लग्नांच्या हळदीसाठी.

फ्लॅटमध्ये येताना त्यांनी स्वतःसाठी काय घेतलं असेल? देव, लाकडी पेटी आणि तांदूळ मोजायचं मापटं. पूर्वी आमच्या घरी दिवसाला पायलीभर तांदूळ शिजायचा. आता त्या रोज सकाळी तेच मापटं अर्धं भरतात, बोटानं सपाट करतात आणि मला देतात.

परवा मी बाजारातून सहा काचेच्या बरण्यांचा सेट घेऊन आले. स्वस्त होता हो! सासूबाईंनी बरण्यांकडे पाहिलं, मग ओट्याकडे. आणि हातातलं मापटं पुढे करून हसत म्हणाल्या, "मापात गं बाई, मापात."

चार बरण्या दुसऱ्या दिवशी शेजारणींकडे गेल्या.